पूरक कमाईचा सिद्धान्त : नालवाडीतून एक प्रतिवाद

स्त्रीच्या श्रमाला पुरुषाच्या श्रमापेक्षा कमी मोल का, या प्रश्नाचे महाराष्ट्राच्या ग्रामीण व्यवहारात एक ठरीव उत्तर आहे, आणि ते देणारी माणसे सहसा स्त्रीद्वेष्टी नसतात. घरचा मुख्य कमावता पुरुष. बाई घरचे सारे आवरून उरलेल्या वेळात चार पैसे मिळवते. त्या पैशांनी संसाराला हातभार लागतो, पण संसार त्यांवर उभा नसतो. तेव्हा तिच्या कामाचा दर बेताचा राहिला तरी कोणावर अन्याय होत नाही, कारण अखेर दोघांची कमाई एकाच चुलीपाशी येते, असा हा युक्तिवाद आहे. त्याला पूरक कमाईचा सिद्धान्त म्हणता येईल : ज्या मिळकतीवर कुटुंबाचा निर्वाह अवलंबून नाही, जी मुख्य मिळकतीत केवळ भर घालते, ती पूरक, आणि म्हणून तिला निर्वाहाची कसोटी लावण्याचे कारण नाही. निंदणाच्या रोजीपासून अंगणवाडीच्या मानधनापर्यंत अनेक दर याच गृहीतकावर ठरत आले आहेत. हे गृहीतक किती कच्चे आहे, ते वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत सुमारे नव्वद वर्षांपूर्वी उघडे पडले होते. मात्र ज्या प्रयोगाने ते उघडे पाडले, तो एका संताचे तप म्हणून स्मरणात राहिला आणि त्यातला मजुरीचा हिशोब मागे पडला.

नालवाडी आज नागपूर रस्त्यावर वर्धा शहरात जवळजवळ मिसळून गेली आहे. १९३२च्या अखेरीस विनोबा भावे तेथे राहायला गेले तेव्हा ते वर्ध्याबाहेरचे खेडे होते. तेथेच १९३४मध्ये ग्रामसेवा मंडळ उभे राहिले आणि गोपाळराव वाळुंजकरांनी चालवलेल्या चर्मालयामुळे हे नाव खादी-ग्रामोद्योगाच्या जगात ठाऊक झाले. १९३५ साली विनोबांनी ठरवले की कातण्याची जी मजुरी चरखा संघ खेड्यातल्या बायकांना देतो, त्याच मजुरीवर स्वतःचा निर्वाह चालवून पाहायचा. चरखा संघ म्हणजे १९२५मध्ये स्थापन झालेली, खादीचे उत्पादन आणि विक्री सांभाळणारी देशव्यापी संस्था. प्रश्न साधा होता : जी मजुरी न्याय्य म्हणून दिली जाते, तीवर दिवसभर काम करणारे एक माणूस जगू शकते का?

या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी कातणे म्हणजे काय ते पाहायला हवे, कारण ‘बसल्या बसल्या होणारे काम’ ही त्याची ख्याती त्याच्या दराला फार महागात पडली. सरकी काढलेली रुई निवडायची, पिंजायची, तिचे पेळू वळायचे, एका हाताने पेळू मागे ओढत दुसऱ्या हाताने चाक फिरवायचे, तार चातीवर गुंडाळायची आणि कातून झालेले सूत फाळक्यावर उतरवायचे. फाळक्याचा चार फुटांचा एक वेढा म्हणजे एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे एका गुंडीत अडीच हजार फुटांहून अधिक सूत. मोजले जाई ते तयार सूत आणि त्याचा अंक, म्हणजे बारीकपणाचे माप. तार तुटली, पेळू गाठाळ निघाला, पावसाळी हवेत रुई चिकटू लागली, तर त्यात गेलेला वेळ कातणारीचा. विनोबांचा हात चरख्यावर पक्का बसलेला होता, त्यांच्यावर संसाराचा भार नव्हता, गरजाही कमीत कमी होत्या. तरी दिवसाचे आठ-आठ, नऊ-नऊ तास कातून हाती पडणारी मजुरी अन्नाच्या खर्चाशी जुळेना. ज्याला लहान मूल नाही, सासू-सासरे नाहीत, सरपण-पाण्याची यातायात नाही, अशा कुशल कातणाऱ्यालाही जो दर जगवू शकत नाही, तो चार जणांच्या घरातल्या बाईला काय देत असेल, हे वेगळे सांगायला नको होते.

गांधीजी त्या वेळी वर्ध्यातच, मगनवाडीत होते. मजुरीचा प्रश्न त्यांनी त्याच वर्षी ऐरणीवर आणला आणि आठ तासांच्या चोख कामाला आठ आणे असा दर सुचवला. खादीच्या कार्यकर्त्यांनी त्यावर घेतलेले आक्षेप आजच्या वाचकालाही ओळखीचे वाटतील. मजुरी वाढली तर खादी महाग होईल. महाग झाली तर खपणार नाही. खपली नाही तर त्याच गरीब बायकांच्या हातचे काम जाईल. शिवाय कातणे हा शेतीच्या हंगामाबाहेरचा, फुरसतीचा उद्योग असल्याने त्याला पूर्ण दिवसाच्या निर्वाहाची कसोटी लावणे चुकीचे. शेवटचा आक्षेप तर खादीच्या मूळ प्रचारातूनच आलेला होता, कारण सुरुवातीच्या वर्षांत चरख्याचे समर्थन शेतकऱ्याच्या रिकाम्या वेळेचा उपयोग म्हणूनच केले जात असे. तरीही १९३५च्या ऑक्टोबरात चरखा संघाने ठराव केला की कातण्याची तेव्हाची मजुरी अपुरी आहे. आठ तासांच्या कार्यक्षम कामाच्या हिशोबाने ती निदान इतकी असावी की शास्त्रीय मोजमापाने ठरवलेले किमान अन्न आणि वर्षाला वीस वार कापड तीतून भागावे. आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढवत अशी करावी की कातणाऱ्या कुटुंबाचा निर्वाह त्यातल्या काम करणाऱ्यांच्या कमाईवर व्हावा. प्रत्यक्षात आठ आणे कोणाच्या पदरात पडले नाहीत. दर आठ तासांना तीन आण्यांच्या आसपास स्थिरावला. पण तत्त्व बदलले होते. मजुरीचे माप काम करणारीच्या गरजेवरून घ्यायचे, तिच्या घरात आणखी कोण कमावते यावरून नाही, ही गोष्ट एका मोठ्या संस्थेने लेखी मान्य केली होती.

दर दुसऱ्या कशावरून ठरत होता, हे विणकराकडे पाहिले की दिसते. त्याच सुताचे कापड विणणाऱ्याला कातणारीच्या कितीतरी पट मजुरी मिळत असे. विणकामाला कसब अधिक लागते हे खरे, पण तेवढ्याने हा फरक उलगडत नाही. विणकराला मिलचे सूत घेऊन बाजाराचे कापड विणण्याचा मार्ग मोकळा होता. खादीने त्याला परवडेल असे दिले नाही तर तो उठून जाऊ शकत होता. कातणारीला उठून जायला जागा नव्हती. म्हणजे तिचा कमी दर हे कामाच्या हलकेपणाचे माप नसून तिच्या अडलेपणाचे होते, आणि त्या अडलेपणाला फुरसत हे सुसंस्कृत नाव दिले गेले होते.

येथे नालवाडीच्या प्रयोगाचे कौतुक आवरते घ्यावे लागते. कातणाऱ्यांत बहुसंख्य बाया होत्या, त्यांची उपासमार वर्षानुवर्षे चालू होती, आणि तरी त्यांची मजुरी अपुरी आहे हे सिद्ध व्हायला एका विद्वान ब्रह्मचारी पुरुषाला चरख्यावर बसावे लागले. ठरावामागे कातणाऱ्यांची संघटना नव्हती. हा दोष विनोबांचा नाही. पण स्त्रीच्या अनुभवाला पुरुषाच्या साक्षीखेरीज पुराव्याचे मोल येत नाही, हे त्या प्रसंगातून जितके स्पष्ट होते तितके कशातूनच होत नाही, आणि सर्वोदयी साहित्याने ही बाजू सहसा टाळली आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. प्रयोगातला दिवस हा संसार नसलेल्या पुरुषाचा दिवस होता. आठ-नऊ तास सलग चरख्यावर बसणे त्याला शक्य होते. खेड्यातल्या कातणारीला तेवढा सलग वेळ मिळत नव्हता, हे मजुरीच्या एकूण आकड्यांतूनही दिसते. गांधीजींनी १९४१च्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत दिलेल्या १९४०च्या आकड्यांनुसार कातणारे, विणणारे वगैरे मिळून २,७५,१४६ ग्रामस्थांना ३४,८५,६०९ रुपये मजुरी मिळाली, आणि कातणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. भागाकार केला तर माणशी पावणेतेरा रुपयेही भरत नाहीत. तीन आणे रोज हा दर धरला तरी ही जेमतेम सदुसष्ट-अडुसष्ट दिवसांची मजुरी होते, आणि त्यात विणकरांची जास्तीची कमाई मिसळलेली आहे.

पूरक कमाईचा पुरस्कर्ता या आकड्यावर झडप घालील : बायका थोडा वेळच कातत होत्या, म्हणजे काम फावल्या वेळाचेच होते. हा निष्कर्ष उलटा आहे. दिवसाचे तास शेतात आणि चुलीपुढे आधीच वाटले गेले होते, म्हणून चरख्याला उरलेसुरले तास आले. ज्या वेळेला फावला म्हटले जाते, तो मागे बिनमजुरीचे इतके काम उरकल्यावरच मोकळा होतो. आजची मोजणीही हेच सांगते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात (माणसांचा दिवसाचा वेळ कोणत्या कामात जातो याची ही पाहणी) घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८, असे आढळले. शिवाय ते करणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात थोडी. जवळजवळ पाच तास एका पाळीत घालवून दुसऱ्या पाळीला आलेल्या माणसाला ‘तू अर्धवेळ आहेस’ असे सांगणे ही हिशोबातली चलाखी आहे.

स्वतंत्र भारतात हा सिद्धान्त केवळ रूढीच्या आधाराने टिकला नाही, त्याला धोरणाचे पाठबळ मिळाले. १९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधारित किमान वेतनाचे निकष ठरवले. एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकके धरावीत, असे त्यात म्हटले होते. उपभोग-एकक म्हणजे एका प्रौढ पुरुषाच्या गरजेइतके माप, आणि त्या काळच्या गणितात पुरुष एक, पत्नी ०.८ आणि दोन मुले मिळून १.२ असा हिशोब केला जाई. कुटुंबातल्या स्त्रिया, मुले आणि किशोरवयीनांची कमाई लक्षात घेऊ नये, असेही स्पष्ट सांगितले होते. या तरतुदीमागचा हेतू कामगारांच्या बाजूचा होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बायको आणि पोरेही कमावतात ना, मग तुला कमी चालेल, असे मालकाला म्हणता येऊ नये यासाठी ती होती, आणि गिरणी कामगाराला तिने मोठा आधार दिला. पण कमावता म्हणजे पुरुष ही प्रतिमा तिने निकषातच कोरली. पत्नीचे पोट ०.८ एकक म्हणून मोजले गेले, तिचे हात मात्र मोजले गेले नाहीत. मग जिथे ती स्वतःच कमावती आहे, तिथे तिच्यामागेही तीन एकके असतात हे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. विदर्भाच्या कापूसपट्ट्यात, जिथे शेतकरी आत्महत्यांनी हजारो घरे एकट्या बाईच्या खांद्यावर टाकली, तिथे मुख्य कमावत्याची ही कल्पना क्रूर ठरते : सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत पीककर्ज नाही, आणि दुसऱ्याच्या शेतात गेले तर मिळणारी रोजी ‘बाईची रोजी’, जणू संध्याकाळी घरी कोणी दुसरी रोजी घेऊन येणारच आहे.

बाईची रोजी आणि गड्याची रोजी हे दोन वेगळे दर वर्धा जिल्ह्याच्या शेतीत इतके मुरलेले आहेत की ते कोणी ठरवले असे विचारणेही विचित्र वाटते. पहिली बहुधा दुसरीच्या निम्म्याच्या आसपास असते. कारण दिले जाते ते ताकदीचे : गडी वखर हाकतो, डवरणी करतो, पोती उचलतो, बाई निंदते आणि वेचते. कापूस वेचणाऱ्या बाईचे काम जवळून पाहिले तर हे कारण कितपत टिकते ते कळते. कमरेला ओटी बांधून ती तासात शिरते. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या बोटांना ओरखडत असताना पाला-कचरा न येऊ देता फक्त कापूस ओढायचा असतो. ओटी भरत जाते तसा कमरेवरचा भार वाढतो, आणि ती रिकामी करून पुन्हा त्याच तासात वाकायचे. दिवस मावळायच्या सुमारास वजन होते आणि किलोमागे पैसे मिळतात. या कामाला ताकद लागत नाही असे म्हणणाऱ्याने एक तास वेचून पाहावे; नालवाडीची रीत तीच होती.

ताकदीच्या युक्तिवादाचा खरा निकाल मात्र तणनाशकाने लावला आहे. तण काढणे हे काम खुरप्याने होते तोवर ते बाईचे आणि बाईच्या दराचे होते. तेच तण पाठीवरच्या पंपाने मारायचे ठरले की काम गड्याकडे जाते आणि दर गड्याचा होतो, कधी त्याहून जास्त. तण तेच, शेत तेच, आणि दिवसभर उकिडवे बसून निंदण्यापेक्षा फवारणीला ताकद अधिक लागते असेही नाही. (फवारणीतला विषबाधेचा धोका खरा आहे आणि त्याचे वेगळे मोल द्यायला हवे, पण दर वाढवताना तो हिशोब कोणी केलेला नसतो.) समान वेतनाचा १९७६चा कायदा येथे लंगडा पडला तो याचमुळे. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला समान मोबदला, अशी त्याची भाषा होती. कामेच बाईची आणि गड्याची अशी वाटून टाकली की तुलना करायला सारखे काम उरत नाही.

दर समान केले तर ग्रामीण व्यवस्था कोलमडेल, या भीतीला महाराष्ट्रात एक प्रत्यक्ष उत्तर मिळालेले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७७च्या कायद्याने हक्क बनली आणि २६ जानेवारी १९७९पासून तो कायदा अमलात आला. तिच्यात स्त्री-पुरुषांना कामाच्या मापाने एकच दर होता. पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामावर बायका मोठ्या संख्येने आल्या. माती खणणे आणि वाहून नेणे यांत फावला वेळ वगैरे काही नव्हते. या योजनेत गैरव्यवहार झाले, मजुरी थकली, मापे खोटी लागली; पण समान दरामुळे योजना मोडली, असा आरोप तिच्या कट्टर टीकाकारांनीही फारसा केला नाही.

सरकारने एका हाताने हे केले आणि दुसऱ्या हाताने पूरक कमाईचा सिद्धान्त आपल्याच कार्यालयात नेऊन बसवला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेतली अंगणवाडी सेविका कर्मचारी नसून मानसेवी मानली गेली आणि तिला मिळते ते वेतन नसून मानधन. पोषण आहार, वजनकाटा, नोंदवह्या, पूर्वशालेय शिक्षण, गरोदर मातांच्या भेटी आणि वर निरनिराळी सर्वेक्षणे हा कामाचा व्याप पाहिला तर मानसेवा हा शब्द केवळ दर कमी ठेवण्याची सोय आहे हे कळायला वेळ लागत नाही. दिवाळीला या सेविकांना राज्य शासन जी रक्कम देते तिचे शासकीय नाव ‘भाऊबीज भेट’ आहे. इतर कर्मचारी हक्काने बोनस किंवा सानुग्रह अनुदान मागतात; सेविकेला मात्र सरकार भाऊ होऊन ओवाळणी घालते, आणि ओवाळणी किती घालावी यावर बहिणीने वाद घालायचा नसतो. २०२४मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेचा स्वर हाच आहे. महिना १५०० रुपयांचा गरीब घरातल्या बाईला उपयोग होतो, ते तिच्या स्वतःच्या खात्यात येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हे अनुदान श्रमाच्या दराची जागा घेऊ लागले तर मजुरीचा प्रश्न नात्याच्या भाषेत विरघळून जातो. अंगणवाडीपुरता तरी सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२च्या निकालात हा बुरखा काढला. गुजरातमधल्या सेविका-मदतनिसांच्या या प्रकरणात त्यांना उपदान, म्हणजे दीर्घ सेवेनंतर मिळणारी ग्रॅच्युइटी, लागू आहे असे न्यायालयाने ठरवले, आणि हे काम अर्धवेळचे आहे हा दावा स्वीकारला नाही. नालवाडीत जे सुताच्या गुंड्या मोजून दाखवले होते, ते न्यायालयाला कामाची यादी वाचून दिसले.

राहतो तो सर्वांत वजनदार आक्षेप, आणि तो जमीनदाराचा नसून चार-पाच एकरांच्या कापूस उत्पादकाचा आहे : बाईची रोजी गड्याइतकी केली तर आधीच तोट्यात चाललेली शेती पुरती बुडेल. या माणसाची अडचण खरी आहे, आणि तिची टवाळी करणारी शहरी समतावादी भाषा त्याला समतेच्याच विरोधात ढकलते. शेतकरी संघटनेने १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला भरवलेल्या महिला अधिवेशनात शरद जोशींनी शेतीमालाचा भाव आणि स्त्रीचा प्रश्न एकत्र मांडला होता, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले होते, ते हा धागा ओळखूनच. पण या आक्षेपातले गणित एका जागी चुकते. सरकार हमीभाव ठरवताना जो उत्पादनखर्च काढते त्यात शेतकऱ्याच्या घरच्या माणसांचे श्रमही धरले जातात, आणि ते प्रचलित मजुरीच्या दराने धरले जातात. कपाशीत निंदणाचे आणि वेचणीचे जे असंख्य तास घरची बाई घालते, त्यांची किंमत गावातल्या ‘बाईच्या रोजी’वरूनच निघते. ती रोजी जितकी कमी, तितका कागदावरचा उत्पादनखर्च कमी, आणि तितकाच त्या खर्चावर बेतलेला भावही. दुसऱ्याच्या बायकोची रोजी पाडून वाचवलेले पैसे स्वतःच्या बायकोच्या श्रमाच्या हिशोबात गमावले जातात, आणि ते कोणत्याही गाडीभाड्यात किंवा अडतीत दिसत नसल्यामुळे शेतकऱ्याच्या लक्षातही येत नाहीत.